अंधार कुणी ठरवायचा?

मी गाडी शिकले ती सकाळच्या पहिल्या बॅचला. मास्तरांनी अर्धा क्लच, चढावर थांबवलेली गाडी पुन्हा उचलणं, रिव्हर्स, सगळं घोटून घेतलं. लाईटच्या दांडीला हात लावायची वेळ मात्र कधी आलीच नाही. "त्याचं काय मॅडम, रात्री कळेल आपोआप," म्हणून त्यांनी तो धडा तिथंच मिटवला. आरटीओच्या ट्रॅकवर आठाचा आकडा काढला तोही भर दुपारी. थोडक्यात, हेडलाईट एकदाही न लावता मला लायसन्स मिळालं. या शहरात बऱ्याच जणांना ते असंच मिळालं असावं, हे रात्री समोरून येणारे अप्पर बघितले की पटतं.

निवृत्तीनंतर सेकंडहँड गाडी घेतली. तिच्या स्टिअरिंगच्या उजवीकडच्या दांडीला एक फिरणारा नॉब आहे. त्यावर चार खुणा: बंद, ऑटो, पार्किंग, हेडलाईट. आधीच्या मालकाने तो ऑटोवर ठेवला होता, मीही तसाच राहू दिला. गाडी स्वतःहून काही करायला तयार असेल तर तिच्या कामात आपण का पडा?

पण लोक पडायला लागले. कर्वे रस्त्यावर सिग्नलला थांबले की शेजारचा स्कूटरवाला माझ्याकडे बघून हाताची बोटं मिटायचा, उघडायचा. पुन्हा मिटायचा, उघडायचा. आधी मला वाटलं दार नीट लागलेलं नाही. मग वाटलं ओढणी बाहेर लोंबतेय. शेवटी एका काकांनी काचेवर टकटक करून सांगितलं, "दिवसा लाईट चालू आहे तुमचा." मी नॉब बंदच्या खुणेवर नेला. समोरच्या दुकानाच्या काचेत बघितलं तर गाडीच्या तोंडावर पांढऱ्या दोन रेघा तशाच लखलखत होत्या. गंमत म्हणजे काकांच्या स्वतःच्या स्कूटरचा दिवाही चालू होता, आणि तो बंद करायला त्यांच्याकडे बटणच नव्हतं. 1 एप्रिल 2017 पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिनाबरोबर लागतो आणि इंजिनाबरोबरच विझतो. त्या वर्षी सगळं पुणं एकमेकांना बोटं मिटून-उघडून दाखवत होतं, हे मला तेव्हा आठवलं. दुचाकींच्या बाबतीत ती सवय गेली, चारचाकीच्या बाबतीत अजून शिल्लक आहे.

भाच्याला फोन केला. "ते डीआरएल आहेत मावशी. बंद नाही करायचे," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. हल्लीची मुलं आद्याक्षरं सांगितली की समजावून सांगितलं असं धरून चालतात.

मला खरं समजावलं ते आमच्या गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या वायरमनदादांनी. पाटी 'ऑटो इलेक्ट्रिक वर्क्स'ची आहे, पण सगळे त्यांना वायरमनच म्हणतात. त्यांचं पहिलं वाक्य असं होतं: "ताई, हा दिवा तुम्हाला दिसायला नाही. तुम्ही दिसायला आहे."

डीआरएल म्हणजे डे-टाईम रनिंग लाईट, दिवसा गाडी चालू असताना लागणारा दिवा. तो रस्त्यावर उजेड पाडत नाही. रात्री फक्त त्याच्यावर गाडी चालवायला गेलात तर पुढचा खड्डा दिसणार नाही. पण दुपारच्या उन्हात, झाडांच्या तुटक सावल्यांतून येणारी राखाडी गाडी राखाडी डांबरावर चटकन ओळखू येत नाही, ती या दोन ठिपक्यांमुळे लांबून नजरेत भरते. युरोपात ज्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीवर गाड्या बनतात तिथे या दिव्याची तीव्रता बांधून दिलेली आहे: कमीत कमी 400 कँडेला, जास्तीत जास्त 1200. म्हणजे उन्हात दिसावा इतका तेज आणि समोरच्याचे डोळे दिपू नयेत इतका सौम्य. हेडलाईटच्या झोताचा मधला भाग याच्या कितीतरी पट तीव्र असतो, पण तो खाली रस्त्यावर रोखलेला असतो. डीआरएलचा उजेड असा रोखलेला नसतो, तो समोर पसरतो.

हे खूळ निघालं उत्तरेत, आणि तिथं ते खूळ नव्हतंच. फिनलंडमध्ये हिवाळ्यात सूर्य क्षितिजाला चिकटून सरकतो, दिवसभर संध्याकाळच. त्यांनी 1972 मध्ये गावाबाहेरच्या रस्त्यांवर हिवाळ्यात दिवसाही दिवे लावायची सक्ती केली. स्वीडनने 1977 मध्ये वर्षभरासाठी केली. कॅनडाने 1 डिसेंबर 1989 नंतर बनणाऱ्या गाड्यांत हे दिवे बसवूनच द्यायला लावले, आणि युरोपीय संघाने 7 फेब्रुवारी 2011 पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांना ते बंधनकारक केले. त्याआधी लोक साधा डिपर दिवसभर चालू ठेवत. त्यात पुढचे पंचावन्न वॅटचे दोन बल्ब, मागचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा, सगळंच जळायचं. एलईडी आले आणि तेवढंच काम थोड्याशा वॅटमध्ये व्हायला लागलं. भारतात चारचाकीला सक्ती नाही. आपल्याकडे ते आले ते गाडीच्या 'लूक'साठी, भुवई कोरल्यासारखे. उपयोगाची गोष्ट हौसेच्या दाराने आली, तरी माझी तक्रार नाही.

एवढं कळल्यावर मी निर्धास्त झाले, तोवर शेजारच्यांनी बातमी दिली की माझा डावा दिवा गेला. "तुम्ही वळताना बघितलं मी. उजवा लागला होता, डावा नव्हता." गाडी सुरू करून समोर उभी राहिले तर दोन्ही लखलखत होते. पुन्हा वायरमनदादा. त्यांनी हसत डावा इंडिकेटर दिला आणि मला पुढे जाऊन बघायला लावलं. पिवळा दिवा लुकलुकायला लागला आणि त्याला खेटून असलेली पांढरी रेघ मंदावली. इंडिकेटर बंद केला, रेघ पुन्हा पूर्ववत. ती मुद्दाम मंदावते. शेजारी भगभगीत पांढरा उजेड असेल तर पिवळ्याची लुकलुक त्यात बुडून जाते, आणि तुम्ही वळताय हे समोरच्याला कळतच नाही. काही गाड्यांत त्या बाजूचा डीआरएल पूर्ण विझतो. नियमावलीतही हे आहे. दोन दिवे एकमेकांपासून 40 मिलिमीटरच्या आत असतील, तर डीआरएलला मंदावायची किंवा विझायची मुभा आहे.

आता नॉबवरची ऑटोची खूण. माझी समजूत अशी होती की आत घड्याळ असणार, सात वाजले की दिवे लागणार. पण दिवे एकदा मॉलच्या तळघरात दुपारी बारा वाजता लागले, आणि एकदा ढगाळ संध्याकाळी, रस्त्यावरचे लोक अजून पेपर वाचू शकतील अशा उजेडात. "गाडीला अंधार कळतो कसा?" मी विचारलं. दादांनी डॅशबोर्डवर पुढच्या काचेच्या बुडाशी बोट ठेवलं. तिथं अंगठ्याच्या नखाएवढा एक काळा घुमट होता. रोज फडकं मारताना मी तो पुसत होते आणि तो कशाचा तरी स्क्रू झाकायला असेल असं समजत होते.

"कधी कधी हा नुसता एसीचा असतो, ऊन किती लागतंय ते मोजायला. म्हणून आधी झाकून बघायचं." त्यांनी माझं पिवळं फडकं घेतलं, चौघडी केली आणि त्या घुमटावर ठेवलं. गाडी त्यांच्या शटरकडे तोंड करून उभी होती, इंजिन चालू, नॉब ऑटोवर. फडकं ठेवतो न ठेवतो तोच शटरवर उजेडाचे दोन पट्टे उमटले. वरची कड सुरीने कापावी तशी सरळ, फक्त डावीकडे किंचित वर चढलेली. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून डावीकडे कडेचा माणूस आणि पाटी दिसावी इतका उजेड वर जातो. उजवीकडे समोरून येणाऱ्याचे डोळे असतात, तिथे तो दाबून ठेवलेला असतो. इतकी वर्षं हे झोत भिंतींवर पडताना बघितले होते, ती चढती कड कधी दिसली नव्हती. त्याच क्षणी डीआरएल मंद झाले, डॅशबोर्डचा पडदा अंधुक झाला, आणि मागे उभ्या असलेल्या पोऱ्याने ओरडून सांगितलं, "मागचे पण लागले!" ही शेवटची बातमी तेव्हा मला फार महत्त्वाची वाटली नाही.

मी फडक्याऐवजी बोट ठेवून बघितलं. काहीच झालं नाही, बोटाच्या कडेने उजेड झिरपत होता. पुन्हा फडकं, पुन्हा दिवे. या खेळात दादांची दोन गिऱ्हाइकं खोळंबली.

घुमटाखाली उजेड पडला की अगदी किंचित वीज वाहू देणारा एक तुकडा असतो, फोटोडायोड. जितका उजेड जास्त तितकी वीज जास्त. ती वीज थेट दिवे लावत नाही, तेवढा तिच्यात जोरच नसतो. ती एका डब्यातल्या कॉम्प्युटरला आकडा कळवते, आणि दिव्यांचं काय करायचं ते तो डबा ठरवतो. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1952 मध्ये समोरून गाडी आली की अप्परचा डिपर करणारा 'ऑट्रॉनिक आय' आणला होता, आणि 1964 मध्ये कॅडिलॅकमध्ये तिन्हीसांजेला दिवे आपोआप लावणारा 'ट्वायलाइट सेंटिनल' आला. साठ वर्षांपूर्वीची श्रीमंतांची चैन माझ्या जुन्या गाडीत यायला एवढा वेळ लागला, इतकंच.

फडकं काढल्यावर दिवे लगेच विझले नाहीत. मला वाटलं अडकले. दादा चहा पीत राहिले, आणि त्यांचा कप अर्धा झाल्यावर दिवे आपले आपण गेले. याचं कारण ऐकून मला आमच्या सोसायटीच्या टाकीची आठवण झाली. पाणी खालच्या खुणेपर्यंत उतरलं की पंप सुरू होतो, पण तो बंद व्हायची खूण वर, वेगळी असते. दोन्ही खुणा एकाच जागी असत्या तर पाण्याच्या प्रत्येक हिंदकळण्याला पंप चालू-बंद झाला असता. दिव्यांचंही तेच. युरोपच्या नियमावलीत आपोआप लागणाऱ्या डिपरसाठी आकडे ठरलेले आहेत. बाहेरचा उजेड 1000 लक्सच्या खाली गेला की दोन सेकंदांच्या आत दिवे लागलेच पाहिजेत. 7000 लक्सच्या वर गेला की विझले पाहिजेत, पण पाच सेकंदांच्या आधी नाही आणि तीनशे सेकंदांच्या नंतर नाही. मधल्या पट्ट्यात काय करायचं ते कंपनीवर सोपवलेलं आहे. लावायची घाई, विझवायला सावकाश, हा क्रम मला आवडला.

लक्सचा आकडा ऐकून काहीच बोध होत नाही, म्हणून थोडा अंदाज घेतला. भर दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स असतात. आमच्या ऑफिसात मी ज्या ट्यूबलाईटखाली तीस वर्षं कागद तपासले, तसल्या चांगल्या उजेडाच्या ऑफिसात असतात जेमतेम तीनशे ते पाचशे. म्हणजे मोटारीच्या हिशोबाने माझी सगळी नोकरी रात्रपाळीत गेली! मॉलचं तळघर आपल्याला उजेडाचं वाटतं कारण आपला डोळा जुळवून घेतो. फोटोडायोड जुळवून घेत नाही.

उड्डाणपुलाखालून जाताना काय होतं, ते गाडीगाडीवर आहे. महागड्या गाड्यांत ही नजर आरशामागे काचेला चिकटवलेली असते आणि ती दोन दिशांना बघते. एक वर, एक समोर. वर अंधार आणि समोर उजेड असेल तर तो पूल, थोडं थांबायचं. समोरही अंधार असेल तर बोगदा, ताबडतोब दिवे. काहींत तिथेच पावसाचा सेन्सर असतो, आणि वायपर काही वेळ सलग चालला की दिवेही लागतात. माझ्या घुमटाला हे शहाणपण नाही. तो फक्त आपल्या डोक्यावर किती उजेड आहे तेवढं जाणतो. कात्रजच्या नव्या बोगद्यात शिरल्यावर मात्र तो मला कधी थांबायला लावत नाही. आत गेल्या गेल्या दिवे लागतात, बाहेर पडल्यावर जरा वेळ तसेच राहतात, आणि मागून एखादा ट्रकवाला डिपर मारून मला त्याची आठवण करून देतो. देऊ दे.

आंबोलीला त्याची मर्यादा कळली. जुलैत आम्ही बहिणी सावंतवाडीला निघालो होतो. आजरा सोडला, आणि आंबोलीजवळ धुकं उतरलं. दुपारची वेळ, त्यामुळे अंधार कसला तो नव्हताच. उलट सगळीकडे पांढरा, डोळ्यांना त्रास होईल असा उजेड. समोर एक पांढरी गाडी होती. होती म्हणजे वळणावर दिसायची आणि सरळ रस्त्याला लागली की पुसली जायची. ब्रेक मारला की दोन लाल ठिपके उमटत, ब्रेक सोडला की पुन्हा नुसतं दूध. "याचे मागचे दिवे गेलेत वाटतं," बहीण म्हणाली. धबधब्याच्या अलीकडे मक्याच्या कणसांच्या टपऱ्यांपाशी ती गाडी थांबली, आम्हीही थांबलो. पुढे जाऊन बघते तर तिच्या तोंडावर डीआरएल झगझगीत! आतला मुलगा म्हणाला, "लाईट चालू आहेत की काकू. ऑटोवर आहे."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला डॅशबोर्डवरून सगळं उजळलेलं दिसत होतं. पण धुकं उजेड गिळत नाही, पसरवतं. वरून पडलेला दिवसाचा उजेड त्या थेंबांतून सगळीकडे विखुरतो, घुमटाला आभाळ पांढरंशुभ्र दिसतं, हजारो लक्स. त्याच्या लेखी लख्ख दिवस. म्हणून हेडलाईट लागत नाही, आणि हेडलाईट लागत नाही म्हणून मागचे दिवे लागत नाहीत. डीआरएल बहुतेक गाड्यांत फक्त पुढे असतो. मागून ती गाडी काळोखी. वायरमनदादांच्या पोऱ्याची ती बातमी मला तिथं, कणीस हातात धरून, कळली. उजेड किती हे यंत्राला मोजता येतं, आपण कुणाला दिसतोय का हे येत नाही. आपला कायदा या बाबतीत जास्त समजूतदार निघाला. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने ते सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत दिवे लावा असं तो म्हणतोच, पण जोडीने पुरेसा उजेड नसेल तेव्हा केव्हाही लावा असंही म्हणतो, आणि पुढची माणसं-वाहनं 155 मीटरवरून स्पष्ट दिसावीत अशी अपेक्षा ठेवतो. आंबोलीत त्या दुपारी पंधरा मीटर दिसत होतं.

मी नॉब हाताने हेडलाईटच्या खुणेवर नेला. डिपरच, कारण धुक्यात अप्पर लावला की थेंबांवर आपटून सगळा उजेड आपल्याच डोळ्यांत परत येतो. त्या मुलालाही तेच करायला सांगितलं. त्याने लावले, वर चारही इंडिकेटर चालू करून निघून गेला. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावायच्या या खोडीवर मी एक स्वतंत्र लेख लिहू शकेन. अशा गाडीचं वळण कुठल्या बाजूला आहे ते फक्त देवाला ठाऊक.

मागून न दिसणाऱ्या या गाड्यांचं मूळ मला डॅशबोर्डातच दिसतं. भावाच्या जुन्या गाडीत दिवे लावल्याशिवाय मीटर उजळायचे नाहीत. संध्याकाळ झाली की काटा दिसेनासा व्हायचा, हात आपोआप दांडीकडे जायचा. आता पडदा दिवसरात्र उजळलेला. पुढे डीआरएलचा थोडा उजेड पडतो, शहरात रस्त्यावरचे दिवे असतात, माणसाला वाटतं सगळं लागलेलं आहे, आणि मागून गाडी दिसत नाही. कॅनडात अशा गाड्यांना 'फँटम', म्हणजे भुताच्या गाड्या म्हणतात. तिथं सप्टेंबर 2021 पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांना नियम आला: एक तर डीआरएलबरोबर मागचे दिवेही लागले पाहिजेत, नाहीतर अंधारात सगळे दिवे आपोआप लागले पाहिजेत, नाहीतर चालकापुढचा डॅशबोर्ड अंधारा राहिला पाहिजे. तिसरा पर्याय वाचून मला भावाची गाडी आठवली.

परतल्यावर हे सगळं भाच्याला ऐकवलं. त्याने त्यातून एवढंच घेतलं की त्याच्या जुन्या गाडीला डीआरएल नाहीत. पुढच्या रविवारी तो बाजारातून एलईडीच्या दोन पट्ट्या घेऊन वायरमनदादांकडे हजर झाला. निळ्या, पाण्यासारख्या वाहणाऱ्या. दादांनी त्या परत करायला लावून साध्या पांढऱ्या आणवल्या. "थेट इग्निशनवर जोडल्या तर रात्रीही जळतील, समोरच्याच्या डोळ्यांत जातील," म्हणत त्यांनी पाच पिनांचा एक रिले काढला. मधल्या, सत्त्याऐंशी-ए लिहिलेल्या पिनेतून पट्ट्यांना वीज द्यायची, आणि रिलेच्या कॉइलला पार्किंग लाईटची वायर. पार्किंग लावला की रिले 'टक' करून ओढला जातो आणि पट्ट्या विझतात. तो 'टक' मी तीनदा ऐकून घेतला.

"आता ऑटो पण बसवता येईल का?" भाच्याने विचारलं.

"येईल. सेन्सरचं किट मिळतं. पण आधी मागे ये."

पार्किंग लावून दोघं मागे गेले. डावा लाल दिवा काळा ठिक्कर. ब्रेक दाबला की लागत होता. त्या बल्बात दोन तारा असतात, ब्रेकची एकवीस वॅटची आणि रोजची पाच वॅटची. पाचवाली कधीच तुटली होती, आणि ब्रेक मारला की दिवा लागतोय म्हणून कुणाला पत्ताच नव्हता. दादांनी ड्रॉवरमधून नवा बल्ब काढला, दाबून फिरवला, बसवला. त्याचे पैसे पट्ट्यांच्या मजुरीतून वजा करा, असा भाच्याचा आग्रह होता.